मल्लूचा डावा गुडघा

फोन आला तेव्हा मी दुकानात सरकीच्या पेंडीचं पोतं उसवत होतो. फोन सलीमचा होता. सलीम म्हणजे आमच्या मल्लूचा जोडीदार. आष्टीत बसस्टँडच्या मागं मोटारसायकली दुरुस्त करतो आणि मल्लूच्या संघात त्याच्या उजव्या अंगाला खेळतो. म्हणला, "अप्पा, मल्लू पडला." मी विचारलं, "डावाच का?" तो म्हणला, "काय डावा?" मी म्हणलं, "गुडघा बे, दुसरं काय विचारणार मी? डावाच निसटला ना?" पलीकडून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते... कुणीतरी रडत होतं. मग सलीम म्हणला, "अप्पा, गुडघा न्हाई."

त्या फोनची मी वर्षानुवर्षं वाट बघत होतो, हे आज लिहायला हरकत नाही. कुणाची गाडी मागायची, नगरच्या कोणत्या डॉक्टरकडं न्यायचं, दुकान कोण बघणार, सगळं मी मनात ठरवून ठेवलं होतं. पण ती सगळी तयारी गुडघ्याची होती. मल्लू गेला छातीनं. बीडला मॅच खेळून संघ परत येत होता, मांजरसुंब्याला धाब्यावर चहाला थांबला. मल्लू खाटेवर बसला, डावा पाय नेहमीसारखा लांब सोडला, चहा सांगितला आणि छातीला हात लावून मागं कलला. सोंगं करायची त्याला सवय होती, म्हणून सलीम म्हणला, "उठ बे, नाटक पुरे." तो उठला नाही. त्याच गाडीत घालून त्याला बीडला नेला, पण डॉक्टर म्हणले, रस्त्यातच गेला. मल्लिकार्जुन, माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ लवकर गेला, तेव्हापासून माझ्याच हाताखाली वाढलेला. अजून पस्तिशीही गाठली नव्हती.

काही आठवडे झालेत या गोष्टीला. पेपरच्या पुरवणीत लिहा म्हणून कुणी मला सांगितलं नाही, मीच लिहितोय. चौथी शिकलेला माणूस आहे, पण कुणाकडून लिहून घेतलं नाही. मल्लूला दुसऱ्याच्या शब्दात बसवलेला मला चालणार नाही.

बसवण्यावरून एक सांगतो. आम्ही लिंगायत, आमच्यात माणूस गेला की आडवा नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, गळ्यात लिंग तसंच ठेवतात आणि बसलेलाच समाधीच्या खड्ड्यात उतरवतात. ही मांडी वेळेत घालावी लागते. शरीर एकदा ताठलं की मग ओढाताण होते, आणि ती बघवत नाही. मल्लू बीडच्या दवाखान्यात होता, मी आष्टीत. गाडी मिळेपर्यंत, मी पोचेपर्यंत वेळ जाणार होता. मी सलीमला फोन केला. म्हणलं, पोरा, आमच्यात असं असं असतं, त्याची मांडी घालावी लागंल. सलीम म्हणला, "मला माहीत हाय अप्पा, मल्लूच्या वडलांच्या येळंला बघितलंय मी." मी म्हणलं, "हळू घाल. डावा लई मुडपत न्हाई." तो म्हणला, "ते तर मलाच माहीत हाय."

आणि खरंच त्यालाच माहीत होतं. प्रत्येक मॅचच्या आधी मल्लूच्या गुडघ्याला चिकटपट्टी तोच गुंडाळायचा. कुठवर वाकतो, कुठं अडतो, कुठं कळ येते, सगळं त्याच्या बोटांना पाठ होतं. दवाखान्यातल्या माणसांना त्यानं हात लावू दिला नाही म्हणे. उजवा पाय झटकन मुडपला आणि डाव्याला लई वेळ लावला... थोडा वाकवायचा, थांबायचा, पुन्हा थोडा. कुणीतरी म्हणलं, अरे आता त्याला काय दुखतंय. सलीमनं त्या माणसाकडं बघितलंसुद्धा नाही. मी पोचलो तेव्हा मल्लू नीट मांडी घालून बसलेला होता, चादरीनं बांधलेला. कितीतरी वर्षांत मी त्याला तसा बसलेला बघितला नव्हता. घरात पूजेला बसायचा तोसुद्धा स्टुलावर. मला रडू यायला पाहिजे होतं, पण आली ती भीती. वाटलं, आत्ता आत कट्‌ वाजेल आणि हा ओरडेल. समाधीत उतरवतानासुद्धा माझं लक्ष त्याच्या तोंडाकडं नव्हतं, गुडघ्याकडंच होतं.

आता हा गुडघा काय होता ते सांगतो.

आमचं घर वाण्याचं. किराणा, पेंड, गूळ, गुरांचं मीठ. आमच्या घरात कधी कुणी कुस्ती केली नाही, कबड्डी खेळली नाही. मल्लू शिकायला औरंगाबादला गेला आणि खेळाचा मास्तर होऊन आला. येताना पिशवीत एक चेंडू घेऊन आला. चेंडू कसला, दोन्हीकडून निमुळता. माझी भावजय शांताबाई, म्हणजे मल्लूची आई, दारातच म्हणली, "हे अंड्यावानी काय आणलंस? सैपाकघरात आणू नको." मल्लू म्हणला, "आई, रबराचं हाय, विटाळ होत न्हाई त्याचा." तरी तो चेंडू शेवटपर्यंत दुकानातच राहिला, गुळाच्या ढेपांच्या वर.

रग्बी. नाव घ्यायलाच मला महिना लागला. खेळ असा, की तो चेंडू काखेत घ्यायचा आणि समोरच्या रेघेपलीकडं नेऊन जमिनीला टेकवायचा. मधे समोरच्या संघाची माणसं तुम्हाला धरतात, कमरेला मिठी मारून पाडतात. आणि गंमत म्हणजे पळायचं पुढं, पण चेंडू जोडीदाराला द्यायचा तो मागं. पुढं टाकला की चूक. मी मल्लूला म्हणलं, हा कसला धंदा, माल पुढं न्यायचा तर मागच्याच्या हातात द्यायचा? तो म्हणला, "अप्पा, मागचा हाय म्हून तर पुढं पळता येतं." मला ते तेव्हा पटलं नाही.

शाळेत तो तासिकेवर मास्तर होता. सकाळी दुकान, मग शाळा, संध्याकाळी कॉलेजच्या मैदानावर संघ. आष्टीचं मैदान म्हणजे मुरूम. पुण्या-मुंबईला हिरवळीवर खेळतात म्हणे, इथं पडलं की कातडी मुरमाला राहते. तरी पोरं यायची. एक तर मल्लूच्या जिभेला गोडवा होता, आणि दुसरं म्हणजे राज्यावर खेळलं की खेळाडू म्हणून पोलीस भरतीला उपयोग होतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली दोन पोरं त्याच्या संघातून भरती झाली तेव्हा अख्खा तालुका त्याला सर म्हणायला लागला. सलीम मात्र त्याला कधी सर म्हणला नाही. "हा कसला सर, ह्याला साधी क्लचवायर बसवता येत न्हाई," म्हणायचा.

गुडघा गेला तो या मुरमावरच, आणि कुणी धक्का न देता. सलीमनं मला नंतर सगळं दाखवलं, दुकानासमोर पळून. मल्लू चेंडू घेऊन जोरात आला, समोर माणूस होता म्हणून उजवीकडं वळायला गेला. उजवीकडं वळायचं तर डावा पाय रोवावा लागतो. पाय रोवला, अंग वळलं, पण पाय तिथंच राहिला. वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला, सलीमला पलीकडून ऐकू आला म्हणे. पण मल्लू घरी आला आणि म्हणला, मुरगळलाय.

मुरगळण्याचं औषध आमच्याच दुकानात. आंबेहळद, रक्तबोळ. शांताबाईनं रोज उगाळून गरम लेप लावला. गुडघा आधी भोपळ्याएवढा होता, काही आठवड्यांत सूज उतरली. उतरल्यावर दोन्ही गुडघे सारखेच दिसायला लागले. शांताबाईनं महादेवाला नारळ फोडला, मी गूळ वाटला, आणि आमच्या हिशेबानं पाय बरा झाला. आमच्याकडं सगळे असंच धरतात... सूज गेली म्हणजे दुखणं गेलं. तो मैदानावर गेला, पळाला, कुणाला काही वाटलं नाही.

मग एक दिवस दुकानाच्या माळ्यावरून पेंडीचं पोतं घेऊन शिडी उतरत होता. मी खालीच होतो. मधल्या पायरीवर त्याचा डावा गुडघा निसटला. निसटला म्हणजे कसा, ते मी डोळ्यांनी बघितलंय. मांडी एकीकडं गेली आणि नळी एकीकडं. पोतं माझ्या बाजूला येऊन फुटलं, आणि हा शिडीला लटकलेला, चेहरा चुन्यासारखा. त्यादिवशी माझ्यात जी भीती शिरली ती मग बाहेर निघाली नाही.

नगरला नेला. मशीनमधे घालून गुडघ्याचे फोटो काढले. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. म्हणले, गुडघ्यात हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या असतात, त्यातली मधली, सगळ्यात महत्त्वाची, पूर्ण तुटलेली आहे. लेपानं ती जुळत नसते. चालता येईल, सरळ पळताही येईल, पण वळताना गुडघा केव्हाही दगा देईल आणि प्रत्येक वेळी आतली गादी थोडी थोडी फाटेल. ऑपरेशन करून नवी दोरी बसवायची, मग जवळजवळ वर्षभर खेळ बंद. मी आयुष्यभर सुतळीनं पुडे बांधलेत, मला लगेच समजलं. चार वेढ्यांतला एक तुटलेला पुडा फळीवर ठेवला तर दिसतो चांगला. उचलला की सांडतो.

मल्लूलाही समजलं होतं. तो म्हणला, करू, हा हंगाम झाला की करू. हंगाम झाला. पुढच्या हंगामात राज्याची स्पर्धा होती, संघात नवीन पोरं होती, कुणीतरी जुनं पाहिजे होतं. मग त्याच्या पुढचा हंगाम. लग्नाचं काढलं तरी म्हणायचा, गुडघा झाला की. शांताबाई स्थळं बघून बघून थकली.

या काळात त्यानं एक नवीनच चाल शिकून घेतली. मैदानावर तो उजवीकडं वळायचाच नाही. सरळ पळायचा, नाहीतर डावीकडं. उजवीकडची बाजू सलीमला देऊन टाकली होती. ती सवय पुढं इतकी अंगात गेली की बाजारातसुद्धा उजवीकडं वळायचं झालं की तो आधी थांबायचा, बारीक बारीक पावलं टाकायचा आणि मग वळायचा. लोकांना वाटायचं, मास्तर काहीतरी विसरला. मी दुकानाच्या गादीवरून बघायचो आणि तो वळून दिसेनासा होईपर्यंत गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचो नाही.

मी त्याला शिडीवर चढू दिलं नाही. न्हाणीत फरशी होती ती काढून खडबडीत शहाबाद बसवली. शांताबाईनं विचारलं, भावजी, चांगली फरशी कावून काढली? मी म्हणलं, मला घसरतं. मला घसरत नव्हतं. पण माणसानं भ्यायलोय म्हणून सांगत फिरावं का? मी त्याच्यावर रागवायचो, ते सोपं होतं. म्हणायचो, लंगडा झालास तर दुकानाच्या पायरीवर बसवीन तागडी देऊन. तो म्हणायचा, "चालंल की, बसून धंदा तरी शिकेन."

मॅच मी बघितली नव्हती. एकदा मात्र बीडला मोंढ्यात माल बघायला जातो म्हणून निघालो आणि सरळ मैदानावर गेलो. मागच्या बाजूला, लिंबाखाली, पोतं टाकून बसलो. मला कुणी ओळखलं नाही. आधी मला काहीच कळेना, नुसती धूळ आणि आरडाओरडा. खांद्याला खांदा लावून दोन्हीकडची माणसं एकमेकांना रेटत होती. मग मल्लू दिसला. चेंडू काखेत, मान खाली. मी त्याला कधी पळताना बघितलंच नव्हतं हो... लहानपणानंतर. दुकानात गिऱ्हाइकाला दोनदा हाक मारायला लावणारा तो पोरगा, आणि हा कोण, असं वाटलं. दोन माणसं त्यानं अशी मागं टाकली की माझ्या शेजारचा कुणी म्हाताराच "वा" म्हणला. मला वा म्हणता आलं नाही. माझे डोळे त्याच्या डाव्या पायाला चिकटलेले. पाय टेकला की माझा श्वास थांबायचा, उचलला की सुटायचा.

थोड्या वेळानं समोरच्या संघाला कळलं. त्यांचा एक दांडगा खेळाडू ओरडला, "अरे त्याला उजवीकडं वळता येत न्हाई, डावीकडनं दाबा." मी ते स्पष्ट ऐकलं. पुढच्या वेळी मल्लू पळत आला तेव्हा तिघं डावीकडून आले. उजवीकडं मोकळं रान होतं. वळला असता तर सुटला असता. मी मनात म्हणत होतो, वळू नको, वळू नको. तो वळला नाही. सरळ त्या तिघांच्या अंगावर गेला, आदळला, पडता पडता चेंडू मागं उजवीकडं टाकला. सलीमनं तो घेतला आणि रेघेपलीकडं गेला. सगळे तिकडं बघून टाळ्या वाजवायला लागले. मी मात्र ढिगाकडं बघत होतो. चार माणसं एकावर एक, आणि खालून एक पाय बाहेर आलेला. डावा. पट्टी बांधलेला. तो हलत नव्हता.

मी उभा राहिलो. धोतराचा सोगा सुटला तरी समजलं नाही. किती वेळ गेला काय माहीत. मग तो पाय हलला, आत ओढला गेला, माणसं उठली, आणि मल्लू उठून मुरूम झटकत चालायला लागला. मी खाली बसलो, आणि मॅच संपायच्या आधी एसटी धरून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात विभूती लावता लावता तो म्हणला, "अप्पा, काल मोंढ्यात काय घेतलं?" मी म्हणलं, काय न्हाई, भाव लई चढलेत. तो हसला. मग जे म्हणला ते मी कधी विसरणार नाही. म्हणला, "मी पडलेलो होतो तिथून तुमी दिसत होतात. मला काय लागलं नव्हतं. पण तुमी उठून उभं राहिलात आन मग मला भ्या वाटलं. म्हणलं, अप्पा उभं राहिले म्हंजी पायाचं काहीतरी लईच वाईट दिसत असंल. म्हून मी हलंना."

तिथून पुढं त्याच्या जवळपासच्या सगळ्या मॅचला मी गेलो. उघड गेलो, पुढं खुर्ची टाकून बसलो. आणि तो कितीही वाईट पडला तरी उभा राहिलो नाही. खुर्चीचे हात धरून बसायचो. लोक म्हणायचे, अप्पाचं काळीज दगडाचं, पुतण्या मातीत लोळतोय आणि हे ढिम्म. म्हणू देत.

एकदाच मी त्याला सरळ विचारलं, ऑपरेशनला नक्की कावून टाळतोस? आम्ही दोघंच होतो. तो म्हणला, "अप्पा, ह्या गुडघ्याची खोड मला माहीत झालीय. मारका बैल असतो, पण घरचा असतो. कुठं उधळतो ते समजतं. नवी दोरी बसवल्यावर कसा वागंल मला काय माहीत? भ्या तर मला रोज वाटतं. पण ह्या भ्याची सवय झालीय, नव्याची न्हाई." मला वाटत होतं भितो तो मीच, आणि तो बेफिकीर आहे. तसं नव्हतं. एकाच छपराखाली दोघं एकाच गुडघ्याला भीत होतो, एकमेकाला न सांगता.

त्याच सुमाराला माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. मल्लू म्हणला, तुम्ही डोळा करून घ्या. मी म्हणलं, तू आधी गुडघा कर, मग मी डोळा. तो म्हणला, आधी तुमी. मी म्हणलं, आधी तू. दोघं एकाच रक्ताचे, कोण मागं सरणार? अशी कितीतरी वर्षं गेली. इकडं डोळ्यावर साय धरत चालली आणि तिकडं गुडघ्यातली गादी फाटत चालली. शेवटी शेवटी मैदानावर मला मल्लू दिसायचा, पण त्याचा पाय नीट दिसायचा नाही. शेजारच्याला विचारायचो, कोणत्या पायावर पडला? ती भीती तर आणखीच वाईट. दिसत होतं तोवर निदान डोळ्याला काम होतं.

यंदा सलीमनं मधे पडून तोड काढली. म्हणला, दोघं एकाच दिवशी जा, एकाच गाडीत, मीच नेतो. आधी कोण हा प्रश्नच न्हाई. आम्हाला दोघांनाही ते पटलं, कारण त्यात कुणाची हार नव्हती. बीडची मॅच झाली की जायचं ठरलं. मल्लू त्या मॅचला निघताना मला म्हणला, "शेवटचं ह्या गुडघ्यानं खेळून घेतो." मी खोकल्याचं निमित्त करून आष्टीतच राहिलो होतो. खरं म्हणजे, आता इतकं जवळ आल्यावर त्याच मॅचला काही होईल या भीतीनं मी गेलोच नव्हतो. पायाला काही झालं नाही. सलीम सांगतो, त्यादिवशी मल्लू एकदासुद्धा पडला नाही.

मागच्या आठवड्यात सलीम दुकानात आला. मल्लूच्या नावानं संघ मॅच ठेवणार आहे, तुम्ही पुढं बसा, असं सांगायला. मोटारसायकलवरून उतरला तो उजवा पाय न वाकवता. मी विचारलं, काय झालं बे पायाला? म्हणला, "काय न्हाई अप्पा, जरा मुरगळलाय."

मी तागडीतला माल तसाच पोत्यात ओतला आणि शटर खाली ओढलं. सलीम म्हणला, अप्पा, गिऱ्हाईक उभं हाय. मी म्हणलं, राहू दे. तो नको नको म्हणत होता, मॅच झाली की बघू म्हणला. मी म्हणलं, "हे मला सांगू नको. हे मी लई वर्षं ऐकलंय." शेजारच्याची गाडी घेतली आणि त्याला नगरला नेला, त्याच डॉक्टरकडं. खिडकीतल्या बाईनं त्याचं नाव लिहून घेतलं, सलीम, बापाचं नाव रहीम. मग माझ्या कपाळावरच्या विभूतीकडं बघून विचारलं, तुम्ही यांचे कोण? सलीम काहीतरी सांगायला लागला, शेजारी वगैरे. मी मधेच म्हणलं, "चुलता." तिनं तसं लिहिलं.

डॉक्टर गुडघा बघायला आले. मी म्हणलं, आधी छाती बघा. ते म्हणले, गुडघ्याचं ऑपरेशन करायची वेळ आली तर त्याआधी छातीची पट्टी, ईसीजी, आम्ही काढतोच. मी विचारलं, म्हणजे मल्लू आला असता तर त्याचीही काढली असती? मल्लूची आठवण होती त्यांना. म्हणले, "काढली असती अप्पा. पण त्यात काही दिसलं असतंच असं सांगता येत नाही. कधी दिसतं, कधी नाही." मी म्हणलं, मग ह्याची आत्ता काढा. ऑपरेशन असो नसो.

त्यांनी सलीमला आडवं केलं, छातीला वायरी लावल्या. तो माझ्याकडं बघून म्हणला, "अप्पा, गुडघा खाली हाय." मी म्हणलं, गप पड. यंत्रातून कागद सरकत बाहेर यायला लागला, त्याच्यावर वरखाली रेघा. एका डोळ्यानं मला त्या धड दिसत नव्हत्या, वाचता तर येतच नाहीत. मी खुर्चीचे हात धरून बसलो होतो. डॉक्टरांनी पट्टी उजेडात धरून वरपासून खालपर्यंत बघितली आणि म्हणले, एकदम चांगली आहे, काळजी करू नका.

मी म्हणलं, पुन्हा एकदा काढा.